टीव्हीवरचा जामीनदार



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते वहीत चढले, इतिवृत्तावर सह्या झाल्या. सगळ्या उठायच्या तयारीत असताना एक ताई म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का? माझा नातू चौथीत आहे. शाळेतून आला की रोज वीस रुपये मागतो, त्या लाल बाटलीसाठी. नाही म्हटलं तर म्हणतो, आजी, तो हिरो पितो, मग त्याला ताकद येते. आता एवढा मोठा माणूस, त्याला मी खोटा कसा म्हणू?"

झालं, उठलेल्या बायका परत बसल्या. कुणाची मुलगी क्रीमसाठी हट्ट धरते, कुणाचा मुलगा बुटांवरून तीन दिवस बोलला नाही, कुणाचा पुतण्या मोबाईलवर पैसे लावून खेळत होता. अर्धा तास हाच विषय चालला. तेव्हा मी धड उत्तर देऊ शकले नाही. "पुढच्या अंकात लिहिते," एवढं बोलून निघाले. म्हणून हा लेख.

मी स्वतःसुद्धा यातून गेले आहे. नववीत असताना मी आईकडे गोरं होण्याच्या क्रीमसाठी पैसे मागितले होते. जाहिरातीत माझी आवडती नटी होती. आधी ती सावळी, मान खाली घातलेली. मग क्रीम लावते, गोरी होते आणि तिला नोकरी लागते. आईने भुईमुगाच्या शेंगा तोडायच्या मजुरीतून पैसे काढून दिले. सहा महिने क्रीम लावलं. रंग होता तोच राहिला. फरक एवढाच पडला की मी वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत उभी राहायला लागले. क्रीमचे पैसे केव्हाच विसरले, पण तो फोटो अजून घरी आहे आणि त्यात मी नीट दिसत नाही.

तेव्हा कुणी मला दोन गोष्टी समजावून सांगायला हव्या होत्या. जाहिरातीत मोठी माणसं का येतात आणि आपण त्यांच्यावर विश्वास का ठेवतो?

जामीन कोण आहे?

हे समजून घ्यायला लांब जायला नको. आपल्या गटात कर्ज मागणारी बाई आली की आपण काय बघतो? तिची बचत, तिची हजेरी, मागच्या कर्जाची परतफेड. आणि विचारतो, "जामीन कोण?" जामीनदार ओळखीची, शब्दाची पक्की असेल तर आपलं मन निवांत होतं.

जाहिरातीतला हिरो किंवा क्रिकेटर हेच काम करतो. वस्तू नवी असते, कंपनी आपल्या ओळखीची नसते. कंपनीच्या मालकाला आपण ओळखत नाही, कारखाना बघितलेला नाही. पण तो चेहरा आपल्या ओळखीचा असतो. वर्षानुवर्षं त्याचे सिनेमे बघितलेले असतात. त्याने शतक मारलं तेव्हा गावात फटाके वाजलेले असतात. आपल्या मनात त्याच्याबद्दल प्रेम असतं, विश्वास असतो. कंपनी पैसे देऊन हाच विश्वास भाड्याने घेते आणि आपल्या बाटलीवर, डबीवर, ॲपवर चिकटवते.

पण फरक बघा. आपण विश्वास ठेवला होता त्याच्या खेळावर, त्याच्या अभिनयावर. साबण, शीतपेय किंवा कर्जाचं ॲप यातलं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं कुठे आहे? आणि दुसरा फरक आपल्याला लगेच कळेल असा आहे. गटातल्या कर्जाचा हप्ता थकला तर आपण जामीनदाराच्या दारात जातो. हा टीव्हीवरचा जामीनदार मात्र हप्ता भरत नाही. त्याचे पैसे त्याला आधीच मिळालेले असतात.

तरुण मुलांवरच डोळा का?

जाहिराती सगळ्यांसाठी असतात, पण सगळ्यात जास्त जोर मुलांवर आणि तरुणांवर असतो. त्याची कारणं साधी आहेत.

पहिलं म्हणजे सवय. चाळिशीतली बाई साबण किंवा चहापत्ती सहसा बदलत नाही. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या सवयी अजून पडायच्या असतात. एकदा चव लागली की ते गिऱ्हाईक पुढची तीस-चाळीस वर्षं कंपनीचं.

दुसरं, वय. या वयात मूल आईबापापासून थोडं लांब सरकतं आणि "मी कोण, मी कसा दिसतो" असं स्वतःला विचारायला लागतं. त्याला कुणासारखं तरी व्हायचं असतं. प्रत्यक्षात त्या खेळाडूसारखं व्हायला रोज पहाटे उठून सराव करावा लागतो. जाहिरात म्हणते, ही बाटली पी, हे बूट घाल. ही वाट सोपी वाटते.

तिसरं, लहान पुडा. पाच, दहा, वीस रुपयांचं पाकीट मुद्दाम काढलेलं असतं. मुलाच्या खिशात तेवढेच पैसे असतात आणि आईलाही वाटतं, जाऊ दे, वीस रुपयेच तर आहेत. हिशोब करून बघा. रोजचे वीस म्हणजे महिन्याचे सहाशे. आपल्या कितीतरी गटांची मासिक बचत शंभर-दोनशे रुपये आहे.

चौथं, मोबाईल. पूर्वी जाहिरात टीव्हीवर ठरलेल्या वेळी यायची, घरातली सगळी मिळून बघायची. आता ती मुलाच्या हातात येते, एकट्याला दिसते आणि पुष्कळदा ती जाहिरात आहे हेच कळत नाही. रीलमधला मुलगा सहज बोलावं तसं म्हणतो, "मी तर हेच वापरतो बरं का." मुलाला वाटतं मित्र सांगतोय. तो पैसे घेऊन बोलत असेल हे लक्षात येत नाही.

तीन वस्तू, तीन गोष्टी

*बाटली.* ताईंच्या नातवाची बाटली म्हणजे एनर्जी ड्रिंक. चहा-कॉफीत तरतरी आणणारं कॅफीन असतं, तेच यात घातलेलं असतं. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असतं. बाटलीवर छापावं लागतं की हे पेय लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी नाही. दिवसाला ५०० मिलिलीटरपेक्षा जास्त घेऊ नये हेही लिहावं लागतं. त्या बैठकीनंतर मी दुकानातून एक बाटली आणून वाचली. इशारा होता, पण इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरात की मला उजेडात धरून वाचावा लागला. चेहरा पोस्टरभर मोठा आणि इशारा मुंगीएवढा! आपल्या राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत सांगितलं की जास्त कॅफीन असलेल्या पेयांची विक्री शाळेपासून ५०० मीटरच्या आत बंद करू. म्हणजे काळजी फक्त आपल्यालाच वाटते असं नाही.

साध्या कोल्ड्रिंकमध्ये कॅफीन कमी असलं तरी साखर भरपूर असते. १०० मिलिलीटरला साधारण १० ते ११ ग्रॅम. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे. कपभर चहात सहा चमचे साखर घालून आपण मुलाला देऊ का?

*वेलची.* तंबाखूची जाहिरात करायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्रात तर २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावरच बंदी आहे. मग मोठे मोठे नट त्याच नावाची वेलची का विकत असतात? नाव तेच, पाकीट तसंच, ऐट तीच. दाखवतात वेलची, पण मुलाच्या डोक्यात बसतं ते नाव. याला छुपी जाहिरात म्हणतात. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अमिताभ बच्चन अशा एका ब्रँडच्या जाहिरातीतून बाहेर पडले आणि त्यांनी पैसे परत केले. ही छुपी जाहिरात आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, असं त्यांच्या बाजूने सांगण्यात आलं. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमारवर त्याचेच चाहते चिडले, तेव्हा त्याने माफी मागून वेलचीच्या जाहिरातीतून माघार घेतली. दोन्ही वेळा लोक बोलले, नाराज झाले, म्हणून हे घडलं. आपल्या बोलण्याला वजन असतं ते असं.

*गेम.* ही गोष्ट सगळ्यात जड आहे. आपल्याच एका गटातली. गाव आणि नाव सांगत नाही. एका ताईंनी शेळ्यांसाठी गटातून बारा हजार रुपये कर्ज घेतलं होतं. बाजार चार दिवसांवर होता म्हणून पैसे बँकेतच ठेवले. मोबाईल मुलाकडे, तो कॉलेजला. तो पैसे लावून खेळायच्या एका ॲपवर होता. आधी पन्नास जिंकला, मग दोनशे. मग हरायला लागला आणि हरलेलं परत मिळवायला अजून लावत गेला. तीन दिवसांत खातं रिकामं झालं. ताई मजुरीला जाऊन हप्ते भरत राहिल्या, एकही हप्ता चुकवला नाही. शेळ्या मात्र आल्याच नाहीत.

मी त्या मुलाशी बोलले. मुलगा वाईट नाही. खाली मान घालून म्हणाला, "ताई, जाहिरातीत एवढा मोठा खेळाडू सांगतो. फसवणूक असती तर त्याने सांगितलं असतं का?" त्याला जामीनदार दिसला होता. जामीनदार हप्ता भरत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली, मग तो खेळ नशिबाचा असो की डोक्याचा. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही, त्याला फसलेला मानलं आहे. हे लक्षात ठेवा, कारण मुलगा अडकेल या भीतीने पुष्कळ आया तक्रारच करत नाहीत. कायदा झाला तरी अशा लिंक मुलांच्या मोबाईलवर अजून येतात, मी स्वतः पाहिल्या आहेत. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

सचिनकडून काय शिकायचं?

आता कुणी म्हणेल, सगळेच मोठे लोक असे. तसं नाही. पुलेला गोपीचंद २००१ मध्ये ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनची मोठी स्पर्धा जिंकला आणि त्यानंतर त्याने कोल्ड्रिंकची जाहिरात नाकारली. साई पल्लवी या अभिनेत्रीने गोरं होण्याच्या क्रीमची जाहिरात नाकारली. नववीत असताना मला कुणी अशी बातमी वाचून दाखवली असती तर किती बरं झालं असतं!

आणि आपला सचिन. त्याने वडिलांना, म्हणजे कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकरांना, शब्द दिला होता की तंबाखूची जाहिरात करणार नाही. १९९६ च्या विश्वचषकात त्याच्या बॅटवर कुठल्याच कंपनीचं स्टिकर नव्हतं. पैसे समोर असताना त्याने शब्द पाळला, याचा मान ठेवलाच पाहिजे.

पण गोष्ट इथे संपत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये याच सचिनच्या ऑनलाइन गेमिंगच्या जाहिरातीवरून तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी त्याच्या वांद्र्याच्या घराबाहेर आंदोलन केलं. आणि जानेवारी २०२४ मध्ये सचिनचाच चेहरा आणि आवाज वापरून कुणीतरी एका गेमिंग ॲपचा खोटा व्हिडिओ फिरवला. तो व्हिडिओ खोटा आहे हे सचिनला स्वतः जाहीर करावं लागलं आणि मुंबईत पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

एकाच माणसाच्या या तीन गोष्टी. एका ठिकाणी त्याने नाही म्हटलं, दुसऱ्या ठिकाणी हो म्हटलं आणि तिसऱ्या ठिकाणी तो तिथे नव्हताच, फक्त त्याचा चेहरा होता. म्हणून माणूस चांगला की वाईट यावर भांडत बसू नये. माणूस कितीही चांगला असला तरी त्याचा चेहरा म्हणजे वस्तूची हमी नाही. आपण सचिनवर प्रेम करू आणि बाटलीवरचं लेबल वाचू. दोन्ही एका वेळी करता येतं.

कायदा कुणाला धरतो?

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदाच जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही जबाबदार धरतो. जाहिरात दिशाभूल करणारी ठरली तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण कंपनीला आणि जाहिरातीतल्या व्यक्तीला १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. त्या व्यक्तीला एक वर्ष, आणि परत चूक केली तर तीन वर्षांपर्यंत जाहिरात करायला बंदी घालता येते. मात्र दावा खरा आहे की नाही याची नीट चौकशी आपण केली होती असं तिने दाखवलं तर ती सुटू शकते.

जून २०२२ मध्ये सरकारने जाहिरातींचे नियम काढले. त्यात छुपी जाहिरात चालणार नाही असं सांगितलं आहे. ज्या वस्तूला कायद्याने आरोग्याचा इशारा द्यावा लागतो किंवा जी मुलांना विकताच येत नाही, तिच्या मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातीत संगीत, खेळ किंवा सिनेमातली प्रसिद्ध व्यक्ती घेता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये रील करणाऱ्यांसाठीही सूचना आल्या. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन बोलत असाल तर ही जाहिरात आहे हे स्पष्ट दिसेल असं, आणि ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत सांगा.

नियम चांगले आहेत. पण दंडाची रक्कम आपल्या हातात पडत नाही. आपलं नुकसान भरून मिळवायचं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून सल्ला घेता येतो. फक्त बिल मागून घ्यायची सवय लावा. बिल नसेल तर आपलं म्हणणं सिद्ध करणं अवघड जातं.

चेहरा झाका

मुलांना ओरडून उपयोग होत नाही. "तो हिरो खोटारडा आहे" म्हटलं की मूल हिरोची बाजू घेतं आणि आपण वाईट ठरतो. त्यापेक्षा एक खेळ करून बघा. मी एका किशोरी गटात केला होता.

मुलींना जुन्या वर्तमानपत्रातल्या आणि पाकिटांवरच्या जाहिराती कापून आणायला सांगितल्या. मग म्हटलं, चेहऱ्यावर हात ठेवा, चेहरा झाका. आता जे उरलं ते वाचा आणि तेवढ्यावरून सांगा, ही वस्तू घ्याल का? मुली वाचायला लागल्या. एका जाहिरातीत उरलं फक्त नाव आणि किंमत. दुसरीत "नवा आत्मविश्वास" एवढेच दोन शब्द. वस्तूत काय आहे हे कुठेच नाही. एक मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, आत्मविश्वास काय तीस रुपयांत मिळतो का?" नंतर दोघी-तिघींनी सांगितलं की त्याही क्रीम लावतात. त्या दिवशी मी त्यांना माझ्या फोटोची गोष्ट सांगितली. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने २०१४ मध्येच ठरवलं आहे की सावळ्या रंगाला कमीपणा येईल अशी जाहिरात करू नये, हेही सांगितलं. मुलींना हे माहीत नव्हतं. सावळ्या मुलीला कमी लेखणं चूक आहे असं कुठेतरी लिहिलंय, याचंच त्यांना नवल वाटलं.

घरी मुलांबरोबर जाहिरात दिसली की तीन प्रश्न विचारायचे. आपण विचारायचे, उत्तर त्यांना शोधू द्यायचं.

१. हे सांगायचे पैसे कुणाला मिळाले?
२. पाकिटाच्या मागच्या बाजूला काय लिहिलं आहे?
३. नुकसान झालं तर ते कोण भरणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "आई" असंच येतं. मुलाला ते स्वतःच्या तोंडून म्हणू द्या.

गावात आणि गटात

काही कामं एकटीने होत नाहीत, गटाने होतात.

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ विकायला २०२० च्या नियमाने मनाई आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला आणि १८ वर्षांखालच्या मुलाला ती द्यायला आधीपासूनच बंदी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या कितीतरी ताई आहेत. समितीच्या बैठकीत हा विषय मांडा. ग्रामसंघात ठराव घ्या आणि टपरीवाल्या भाऊंशी आधी गोडीने बोला. तोही आपल्याच गावातला, त्याचंही पोट आहे. त्याच्याकडे गटाची चिक्की, लाडू ठेवता येतील का हेही विचारा. नुसतं बंद करा म्हटलं तर भांडण होतं, दुसरा माल दिला तर बोलणी होतात.

आणि शेवटचं, आपल्या स्वतःबद्दल. दिवाळीच्या स्टॉलच्या वेळी आपल्या मसाल्यासाठी रील करणारा एक तरुण आला होता. त्याला हजारो लोक बघतात. त्याने पैसे आणि मसाला मागितला. काही ताई म्हणाल्या, घेऊ या, विक्री वाढेल. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, विक्री वाढायलाच हवी. पण मसाला त्याने कधी चाखलाही नव्हता. मग ठरलं की जी ताई मिरची निवडते, जी कांडते, तीच कॅमेऱ्यासमोर उभी राहून बोलेल. पुढे कधी बाहेरच्या माणसाला घेतलं तर त्याने आधी वस्तू वापरावी आणि ही जाहिरात आहे हे रीलमध्ये स्पष्ट लिहावं. आणि नाचणीच्या पिठावर "साखरेचा आजार बरा होतो" असं आपण कधीच छापायचं नाही. जो नियम कंपनीला, तोच आपल्याला. आपल्या पाकिटावर मागच्या बाजूला गटाचं नाव, पत्ता आणि फोन असतो. माल खराब निघाला तर गिऱ्हाईक आपल्या दारात येऊ शकतं. आपण दारात सापडणारे जामीनदार आहोत, हीच आपली खरी जाहिरात.

त्या आजींकडे मी गेल्या आठवड्यात परत गेले. नातवाला बाटलीवरचा इशारा मराठीत वाचून दाखवला. तो बराच वेळ बाटली उलटसुलट करून बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे हिरोला हे माहीत आहे?" मी म्हटलं, "माहीत असायला पाहिजे." तो गप्प झाला. बाटली सुटली असं मी म्हणणार नाही. आजी सांगतात, आता रोजच्या ऐवजी कधीतरी मागतो, आणि मागताना मागची बाजू वाचायचा प्रयत्न करतो. चौथीतल्या मुलाला इंग्रजी कुठलं वाचता येतंय, पण वाचतोय.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने घरात असलेलं एक रिकामं पाकीट किंवा बाटली घेऊन या. चेहरा झाकून सगळ्या मिळून वाचू. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी वाचता येणारी बसेल. तुमच्या घरातली गोष्ट सांगायची असेल तर आपल्या सहयोगिनी ताईंकडे द्या. नाव न छापता ती पुढच्या अंकात घेऊ.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक